उतरवून आणलेला प्रकल्प आणि शोधून काढलेले उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तिसरी-चौथीच्या वर्गाला दर सत्रात एक संशोधन-प्रकल्प द्यावा लागतो, मुले इंटरनेटवरून मजकूर उतरवून आणतात, चित्रे चिकटवतात, बरेचसे काम पालकांच्या हातचे असते, आणि सादरीकरणाच्या दिवशी तक्त्याबाहेरचे काही विचारले की मूल गप्प होते. हे काम मुलांसाठी अर्थपूर्ण कसे करावे? मी दोन तपांहून अधिक काळ प्राथमिक वर्गांना शिकवत आले आहे आणि अलीकडे नव्या शिक्षकांबरोबरही काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे आहे की, ज्या प्रश्नाचे उत्तर जसेच्या तसे कुठेतरी लिहिलेले आहे, त्या प्रश्नावर मूल संशोधन करूच शकत नाही; ते फक्त उतरवू शकते, आणि ते उतरवते म्हणून आपण त्याला दोष देतो. बदलायचे आहे ते आपण देत असलेले काम. पुढे जे लिहिते आहे ते सगळे या एका म्हणण्याचाच विस्तार आहे.

सुरुवातीची काही वर्षे मीही तेच करत होते. चौथीच्या वर्गात प्रत्येक मुलाला एकेक देश वाटून द्यायचे आणि राजधानी, लोकसंख्या, चलन, राष्ट्रध्वज, मुख्य पिके अशी मुद्द्यांची यादी हातात ठेवायची. एका मुलाने फार सुबक तक्ता करून आणला होता. अक्षर वळणदार, ध्वज अचूक रंगवलेला. त्याने सगळे वाचून दाखवल्यावर मी सहज विचारले, ‘‘या देशातल्या कोणत्या गोष्टीचे तुला सगळ्यात नवल वाटले?’’ तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग वळून तक्त्यावर उत्तर शोधू लागला. त्याने माझी प्रत्येक सूचना पाळली होती. नवल वाटण्याची सूचना मी दिलेली नव्हती, आणि ते वाटायला जागाही ठेवलेली नव्हती. त्या दिवसापासून मी देश वाटणे बंद केले.

प्रकल्प ही कल्पना शाळेत आली ती मुळात याच्या उलट हेतूने. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी प्रकल्पाचा गाभा म्हणून मुलाने मनापासून स्वीकारलेला हेतू सांगितला होता. तक्ता, प्रतिकृती किंवा वही ही त्या हेतूमागून येणारी गोष्ट होती. त्यांच्या आधी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली होती, आणि तिथल्या एका पाठाचे त्यांनी केलेले वर्णन मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते. मुलांसमोर कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस ठेवला होता. पूर्वीचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का घालत असत, हे समजून घ्यायचे होते. मुलांचा एक गट बोंडातून आणि सरकीतून कापूस हाताने मोकळा करायला बसला. अर्धा तास खपल्यावर त्यांच्या हाती एक औंसही, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमही, कापूस आला नाही. एक माणूस दिवसभरात हाताने जेमतेम एक पौंड कापूस काढू शकत असे, हे मग त्यांना कोणी पटवून द्यावे लागले नाही. हीच माहिती पुस्तकात एका ओळीत आहे आणि मुलाला ती एका मिनिटात उतरवता आली असती. पण ज्याची बोटे अर्धा तास सरकीत अडकली आहेत, ते मूल त्या ओळीकडे साक्षीदाराच्या नजरेने पाहते.

आता प्रश्न कुठून आणायचे याकडे येते, कारण माझ्या मते नव्वद टक्के यश इथेच ठरते. ‘तुम्हांला काय शोधायला आवडेल ते सांगा’ असे म्हणून वर्ग मोकळा सोडला तर मुले डायनासोर, अवकाश आणि वाघ ही तीन नावे सांगतात आणि थांबतात. यात त्यांची चूक नाही. ज्या विषयाची काहीच ओळख नाही त्याबद्दल कुणालाच चांगला प्रश्न पडत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडलेला तीन रकान्यांचा तक्ता बऱ्याच शाळांत वापरला जातो: आपल्याला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे आणि शेवटी काय कळले. तक्ता उपयोगी आहे, पण मी त्यात दोन बदल करते. पहिल्या रकान्यावर ‘आम्हांला असे वाटते’ असे लिहिते, कारण ‘माहीत आहे’ म्हटले की मुले चुकीच्या समजुतीही पक्क्या करून टाकतात आणि नंतर त्या खोडायला त्यांना कमीपणा वाटतो. आणि दुसरा रकाना मी पहिल्या दिवशी भरूच देत नाही. आधी तीन-चार दिवस विषयात नुसते वावरायचे असते: चित्रे पाहायची, एखादी वस्तू हाताळायची, एखादा उतारा मोठ्याने वाचायचा, बाहेर जाऊन निरीक्षण करायचे. या दिवसांत मी काहीही लिहून घेत नाही; फक्त मुले आपसांत काय बोलतात ते कान देऊन ऐकते आणि त्यांच्याच शब्दांत एका कागदावर टिपून ठेवते. चौथ्या-पाचव्या दिवशी तो कागद भिंतीवर लावला की दुसरा रकाना भरायला वेळ लागत नाही.

एक उदाहरण जरा जवळून सांगते. तिसरीच्या वर्गाचा विषय कीटक होता. शाळेच्या आवारातील भिंतीच्या कडेने मुंग्यांची एक रांग चाललेली होती आणि एक मुलगी तिच्याजवळ उकिडवी बसून होती. तिने रांगेच्या मध्ये बोट आडवे फिरवले. मुंग्या त्या जागेपाशी येऊन थबकल्या, इकडेतिकडे फिरू लागल्या. तिने बोट केव्हाच उचलले होते, वाट मोकळी होती, तरी मुंग्या सरळ जाईनात. ती मला म्हणाली, ‘‘बाई, तिथे काहीच नाहीये. मग त्या का थांबतात?’’ या प्रश्नापुढे मी महिनाभर आखलेली मुद्द्यांची यादी निरुपयोगी होती. मी उत्तर दिले नाही, ‘कशाने कळेल?’ एवढेच विचारले. पुढच्या दोन आठवड्यांत तिच्या गटाने रांगेच्या वाटेवर कागदाची पट्टी ठेवली, मुंग्या पट्टीवरून बराच वेळ जाऊ दिल्या आणि मग पट्टी काटकोनात फिरवली. काही मुंग्या पट्टीवरच्या जुन्या वाटेने भलत्याच दिशेला गेल्या. ‘वाट जमिनीवर नाही, कागदाला लागली आहे,’ असे त्यांच्या वहीत लिहिलेले होते. मुंग्या मागे गंधद्रव्य सोडत जातात हे त्यांनी त्यानंतर पुस्तकात वाचले, आणि ते वाचताना त्यांचा झालेला आनंद मी आजही विसरलेले नाही. कारण पुस्तक आता त्यांना काही नवे सांगत नव्हते, त्यांचे म्हणणे बरोबर असल्याची ग्वाही देत होते.

प्रत्येक मुलाला असा प्रश्न आपोआप सापडेलच असे नाही, म्हणून प्रश्न निवडायला आणि घडवायला शिकवावे लागते. मी मुलांचे सगळे प्रश्न कागदाच्या पट्ट्यांवर लिहून घेते आणि त्यांच्याकडूनच पट्ट्यांचे ढीग करवते. एका ढिगात एका ओळीत उत्तर मिळणारे प्रश्न जातात. दुसऱ्यात असे, ज्यांचे उत्तर आज कुणालाच देता येणार नाही किंवा आपल्याला शोधता येणार नाही. आणि तिसऱ्यात असे, ज्यांचे उत्तर मिळवण्यासाठी दोन-तीन ठिकाणी जावे लागेल, काही मोजावे लागेल किंवा कुणाला तरी विचारावे लागेल. पहिल्या ढिगातले प्रश्न टाकून देऊ नयेत, ते बहुधा चांगल्या प्रश्नाचे बीज असतात. ‘निळा देवमासा काय खातो?’ याचे उत्तर एका शब्दात मिळते: क्रिल नावाचे, बोटाएवढे छोटे जीव. ते उत्तर मिळाल्यावरच खरा प्रश्न उभा राहतो, की एवढा अवाढव्य प्राणी एवढ्याशा जीवांवर कसा जगतो? त्यासाठी तोंडातली गाळणी, पाण्याचा प्रचंड घोट, क्रिलचे थवे या सगळ्या गोष्टी जुळवाव्या लागतात, आणि कोणतेही एक पान उतरवून ते उत्तर तयार होत नाही. तुलनेचे प्रश्नही असेच कामाचे ठरतात. ‘हत्ती’ या विषयावर मूल दहा वाक्ये उतरवते. ‘आफ्रिकी हत्तीचे कान आशियाई हत्तीपेक्षा मोठे का असतात?’ असे विचारले की त्याला दोन प्राणी, दोन प्रदेश आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची गरज यांची सांगड घालावी लागते. ‘काय’ आणि ‘किती’ या प्रश्नांना ‘कसे’, ‘का’ आणि ‘कशात फरक’ यांची जोड द्यायला मुले दोन तासिकांत शिकतात. मात्र त्या दोन तासिका आपण द्यायला हव्यात.

संशोधन म्हणजे वाचन असा जो समज शाळांतून रुजला आहे, तो लहान मुलांच्या बाबतीत विशेष अडचणीचा ठरतो. मोजणे, मोजलेले पुन्हा मोजणे, माणसांना विचारणे, दोन वस्तू शेजारी ठेवून पाहणे हेही संशोधनच आहे, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाला त्याचा आवाका असतो. एमिली रोझा या अमेरिकन मुलीचे उदाहरण मी यासाठी देते. नऊ वर्षांची असताना, चौथीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, तिने एक साधा प्रश्न घेतला. रुग्णाला प्रत्यक्ष स्पर्श न करता त्याच्या शरीराभोवतीचे ऊर्जाक्षेत्र आपल्या हातांना जाणवते असे सांगून उपचार करणारे काही लोक होते. त्यांना ते खरोखर जाणवते का? तिने पुठ्ठ्याचा एक पडदा केला. उपचारक पडद्यातील भोकांतून दोन्ही हात पुढे करी, एमिली नाणे उडवून ठरवी आणि त्यांपैकी एका हातावर आपला हात अधांतरी धरी. तो कोणत्या हातावर आहे एवढेच उपचारकाने सांगायचे. २१ उपचारकांच्या एकूण २८० चाचण्यांत बरोबर उत्तरे आली १२३, म्हणजे ४४ टक्के. नुसत्या अंदाजाने सांगितले असते तरी निम्मी बरोबर यावीत. १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तो शोधनिबंध छापून आला तेव्हा ती ११ वर्षांची होती. निबंध लिहिताना तिला मोठ्यांची साथ होती, पण प्रयोगाची मांडणी मुलाच्या आवाक्यातील होती आणि लागणारे साहित्य होते पुठ्ठा, नाणे आणि नोंदवही. आपल्या वर्गातले प्रत्येक मूल छापून यावे असा माझा आग्रह अर्थातच नाही. प्रश्न नेमका असला की साधने किती साधी पुरतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

वाचन तरीही लागणारच, आणि उतरवण्याची सवय मोडायची तर टिपणे काढण्याची रीतच बदलावी लागते. ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही सूचना मुलाच्या दृष्टीने निरर्थक असते. समोर पुस्तक उघडे असताना त्यातले शब्द सोडून दुसरे शब्द आणायचे कुठून? माझ्या वर्गात नियम असा असतो की परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथे ठेवायचे, शेजाऱ्याला काय कळले ते सांगायचे आणि मग एका पट्टीवर पाचपेक्षा जास्त नाहीत इतके शब्द लिहायचे. पट्टीच्या मागे पुस्तकाचे नाव आणि पान. एका पट्टीवर एकच गोष्ट. आठवडाभराने या पट्ट्या जमिनीवर पसरून मुले त्यांचे गट लावतात, आणि लेखनाचे उपविषय त्या गटांतूनच निघतात. अंतिम लेखन करताना पुस्तके कपाटात आणि हाती फक्त पट्ट्या, हेही मी कटाक्षाने पाळते. पाच शब्दांतून पूर्ण वाक्य उभे करायचे तर ते स्वतःचेच करावे लागते. वाक्ये थोडी ओबडधोबड येतात. ती तशीच येऊ द्यावीत, कारण त्यांत मुलाला काय कळले आणि काय कळले नाही ते स्पष्ट दिसते.

स्रोत तपासायला शिकवण्यासाठी मी व्याख्यान देत नाही, भांडणारे स्रोत शोधून देते. शनीला चंद्र किती? ग्रंथालयातील जुन्या पुस्तकात एक संख्या असते, २०१९ नंतरच्या पुस्तकात ८२ असते, आणि २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाल्यावर ती संख्या २७४ झाली. तीन गट तीन संख्या घेऊन येतात आणि आपलेच खरे म्हणून हमरीतुमरीवर येतात. मग कुणीतरी पुस्तकाचे पहिले पान उलटून छापल्याचे वर्ष वाचते, आणि वर्ग शांत होतो. पुस्तक खोटे बोलत नव्हते, ते फक्त त्या वर्षापर्यंतचे सांगत होते, हे मुलांना त्या क्षणी उमगते, आणि त्यानंतर कोणी न सांगता ती प्रत्येक पुस्तकाचे वर्ष पाहू लागतात. इंटरनेटसाठी अमेरिकेच्या वायव्य भागातील पॅसिफिक किनाऱ्यावरील झाडांवर राहणाऱ्या ऑक्टोपसचे संकेतस्थळ उपयोगी पडते. १९९८ पासूनचे हे संकेतस्थळ संपूर्ण बनावट आहे, पण त्यात छायाचित्रे आहेत, शास्त्रीय नाव आहे, प्राणी वाचवण्याचे आवाहन आहे. मुलांना ते आधी खरे वाटू द्यावे, त्यांच्याकडून दोन-चार गोष्टी टिपून घ्याव्यात, आणि मग हे दुसऱ्या कोणत्या पुस्तकात सापडते का ते पाहायला पाठवावे. फसवणूक उघड झाल्यावर मात्र वर्गाशी मोकळेपणाने बोलावे: कशामुळे खरे वाटले? सुबक मांडणी, चित्रे आणि ठाम भाषा, अशी उत्तरे येतात. आज हव्या त्या प्रश्नावर क्षणात सुबक आणि ठाम उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घराघरांत आहेत, तेव्हा या संभाषणाचे मोल वाढलेले आहे. अशी साधने वापरू नका असे मी मुलांना सांगत नाही. मुंग्यांच्या रांगेवर ठेवलेल्या कागदाचे काय झाले, यासारखे, ज्यांचे उत्तर त्यांपैकी कोणतेही साधन सांगू शकणार नाही असे प्रश्न घेऊन बसते.

नोंदी प्रामाणिक ठेवणे हा भाग मला सर्वांत नाजूक वाटतो. चौथीच्या एका गटाने घेवड्याच्या बिया दोन कुंड्यांत लावल्या, एक कुंडी उजेडात आणि एक कपाटात. रोज सकाळी पट्टीने उंची मोजायची. सहाव्या की सातव्या दिवशी मी पाहिले तर एक मुलगा रबराने आकडा खोडत होता. विचारल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘आमचे चुकलेय. अंधारातले रोप जास्त उंच आलेय.’’ रोपाला वाढायला उजेड लागतो हे त्याने ऐकलेले होते, आणि स्वतःच्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा त्याला ते ऐकलेले अधिक खरे वाटत होते. अंधारात उगवलेले रोप बीमध्ये साठवलेले अन्न वापरून उजेडाच्या शोधात उंच वाढते, मात्र ते फिकट आणि लेचेपेचे राहते, हे मला ठाऊक होते. तरी मी ते सांगितले नाही. खोडलेला आकडा पुन्हा लिहायला लावला आणि त्या दोन रोपांत उंचीखेरीज आणखी काय वेगळे दिसते ते पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तक्त्यात पानांचा रंग आणि खोडाची जाडी असे दोन नवे रकाने आले. ‘उंच म्हणजे चांगले’ हा त्यांचा समज त्या रकान्यांनी मोडला. शिक्षकाने अपेक्षित उत्तर आधी सांगून टाकले असेल, किंवा ‘बरोबर’ निष्कर्षाला गुण ठेवले असतील, तर मुले आकडे खोडतच राहणार. म्हणून माझ्या मूल्यमापनात निष्कर्ष बरोबर येण्याला एकही गुण नसतो.

मधल्या काळाबद्दल आपल्याला सावध करायला हवे. प्रश्न ठरल्यानंतर साधारण आठवड्याने मुले मरगळतात, माहिती फार झालेली असते, काय करायचे ते सुचत नाही, आणि कुणीतरी ‘आम्ही विषय बदलू का?’ असे विचारते. माहिती शोधण्याच्या प्रक्रियेचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या कॅरोल कुलथाऊ यांनी मोठ्या विद्यार्थ्यांमध्ये हेच पाहिले: शोधाच्या मधल्या टप्प्यावर गोंधळ आणि शंका वाढतात आणि दिशा सापडल्यावरच आत्मविश्वास परततो. म्हणजे ही मरगळ हा अपयशाचा पुरावा नसतो. या टप्प्यावर मी प्रत्येक गटाबरोबर पाच मिनिटे बसते आणि तीनच गोष्टी विचारते: आत्तापर्यंत काय कळले, काय पटत नाही, आणि उद्या नेमके काय करणार. बहुतेक वेळा प्रश्न लहान करावा लागतो. ‘पक्षी घरटे कसे बांधतात?’ याऐवजी ‘आपल्या आवारात सापडलेल्या या घरट्यात कोणकोणत्या वस्तू आहेत आणि त्या कुठून आल्या असतील?’ असे केले की गाडी रुळावर येते. वेळेचे म्हणाल तर रोज अर्धा तास, तीन ते चार आठवडे, आणि सर्व काम वर्गातच. गृहपाठ म्हणून दिलेला प्रकल्प पालकांच्या हाती जाणारच. त्यांना मुलाची फजिती होऊ द्यायची नसते, हे आपण समजून घ्यायला हवे. पालकांना मी एकच काम देते: रोज मुलाला ‘आज काय नवे कळले?’ असे विचारा, मनापासून ऐका, लिहू मात्र नका.

पहिली-दुसरीच्या मुलांना स्वतंत्र प्रकल्प देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात सगळ्या वर्गाने मिळून एकच प्रश्न घ्यावा, मुलांनी सांगावे आणि शिक्षकाने मोठ्या कागदावर लिहावे. ज्यांचे वाचन मागे आहे अशा मोठ्या मुलांसाठी मुलाखत हे फार चांगले साधन आहे. माळी, ग्रंथपाल, परिचारिका, सुतार, आजी-आजोबा अशा कुणालाही विचारता येते, फक्त प्रश्न आधी तयार करावेत आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येणारे प्रश्न सरावाच्या वेळीच गाळावेत. वाचनात चाचपडणारी कितीतरी मुले मुलाखतीत खुलताना मी पाहिली आहेत.

सादरीकरणाविषयी शिक्षक मला सजावट, तक्ते, वेळ असे विचारतात; मी उलट विचारते, की हे ऐकण्याची गरज कुणाला आहे? शिक्षिकेला उत्तर आधीच माहीत आहे हे मुलांना कळते, मग सांगण्यात काय राम उरतो? मुंग्यांच्या गटाने आपले निष्कर्ष दुसरीच्या वर्गाला दाखवले, आणि तिथली मुले इतके प्रश्न विचारू लागली की गटाला पट्टीचा प्रयोग त्यांच्यासमोर पुन्हा करावा लागला. खऱ्या श्रोत्यापुढे मुले किती मजल मारतात याचे मला माहीत असलेले सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील ब्लॅकॉटन या गावच्या प्राथमिक शाळेचे आहे. तिथल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी, शास्त्रज्ञ ब्यू लोट्टो यांच्या मार्गदर्शनाखाली, भुंग्यांच्या जातीतल्या बम्बलबी माश्यांवर प्रयोग केले. रंगीत वर्तुळांच्या मांडणीत काही वर्तुळांत साखरेचे पाणी आणि काहींत मिठाचे पाणी ठेवले आणि माश्या कोणत्या वर्तुळांकडे जायला शिकतात ते पाहिले. रंग आणि त्या रंगाची आजूबाजूच्या रंगांतील जागा या दोन्हींचा मेळ घालून माश्या फुले निवडू शकतात, असे त्यांना आढळले. डिसेंबर २०१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात तो निबंध छापला गेला; त्याची भाषा मुलांची, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या. प्रयोग कोणता करायचा हे ठरवण्यात मुलांचा वाटा होता, आणि उत्तर आधी कुणालाच ठाऊक नव्हते. आपल्या वर्गात शास्त्रज्ञ येणार नाही, पण उत्तर कुणालाच ठाऊक नसलेला छोटा प्रश्न आपल्या आवारातही असतो: या झाडाखाली सावली दिवसातून किती वेळ असते, मधल्या सुटीत कोणता नळ सर्वांत जास्त वापरला जातो, ग्रंथालयातील कोणती पुस्तके कुणीच नेत नाही आणि का. असे उत्तर मुख्याध्यापकांना किंवा ग्रंथपालांना खरोखरच हवे असते, आणि ते ऐकून त्यांनी एखादा बाक हलवला किंवा पुस्तकांची मांडणी बदलली, तर त्या मुलांना आणखी कोणत्याही शाबासकीची गरज पडत नाही.

मूल्यमापन मी चार गोष्टींवर करते आणि त्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकते. प्रश्न कसा बदलत गेला हे सांगता येते का; कोणती गोष्ट कुठून कळली हे दाखवता येते का; आपल्याला आधी वाटत होते त्यातले काय चुकीचे निघाले; आणि अजून काय कळलेले नाही. हे सारे मी मुलाशी समोरासमोर बोलून ठरवते, त्याला मुलामागे पाच-सात मिनिटे लागतात. मोठ्या वर्गात हा वेळ कुठून काढायचा, असे आपण म्हणाल. मी वैयक्तिक प्रकल्प सोडून तीन-तीनच्या गटांवर आले त्याचे अर्धे कारण हेच आहे. सजावटीला गुण नाहीत हे एकदा कळले की चकचकीत कागदावरचा खर्च आणि घरच्यांचे जागरण दोन्ही आपसूक थांबते.

येत्या सत्रात हे सगळे एकदम करू नका. तीन आठवड्यांचा एकच विषय घ्या, तो शक्यतो आवारात डोळ्यांना दिसणारा असू द्या: सावल्या, कीटक, माती, पाणी, पक्षी. पहिल्या आठवड्यात फक्त पाहा आणि मुलांचे बोलणे टिपा. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी पट्ट्यांचे ढीग करा आणि प्रत्येक गटाने तिसऱ्या ढिगातला एकच प्रश्न उचलावा. आपण स्वतःही एक प्रश्न घ्या, ज्याचे उत्तर आपल्याला खरोखर माहीत नाही असा, आणि तो मुलांसमोर शोधा: चुकलेली नोंद त्यांच्यादेखत खोडून न टाकता शेजारी नवी लिहा, पुस्तकात सापडले नाही तर सापडले नाही असे म्हणा. आणि भिंतीवर एक कोरा कागद पहिल्या दिवसापासून लावून ठेवा. त्याचे शीर्षक ‘अजून कळले नाही’ असू द्या. सत्र संपताना तो काढू नका. माझ्या वर्गातील त्या कागदावर ‘मुंग्यांना रात्री वाट कशी सापडते?’ हा प्रश्न पुढच्या वर्षीच्या तिसरीने आल्या आल्या वाचला आणि त्यांचे काम तिथूनच सुरू झाले.